कांद्याचे मधले पैसे खातं कोण?

अर्थशास्त्र म्हटलं की आलेख, टक्केवारी आणि अर्थसंकल्पाच्या दिवशीची टीव्हीवरची गर्दी आठवते. वाचकांची पत्रं मात्र भाजीच्या पिशवीतून आणि हप्त्याच्या पावतीतून येतात. यावेळचे पाच प्रश्न तसेच आहेत. वरवर पाहता वेगवेगळे असले, तरी उत्तरं लिहिताना त्यांचं एकमेकांशी नातं निघालं.

प्रश्न : शेतकरी रस्त्यावर कांदा ओततो आहे असं बातम्यांत दाखवतात आणि त्याच दिवशी आमचा भाजीवाला तीस रुपये किलो सांगतो. शेतकऱ्याला चार-पाच रुपये, आम्हाला तीस. मधले पंचवीस कुणाच्या खिशात जातात? 'दलाल खातात' हे उत्तर मी लहानपणापासून ऐकते आहे. खरं काय ते सांगा.
*– एक गृहिणी, डोंबिवली*

उत्तर : ताई, 'दलाल खातात' हे उत्तर अगदीच खोटं नाही. पण ते फार सोयीचं आहे. एकदा ते दिलं की पुढचा हिशेब कुणी मांडत नाही. आपण मांडून पाहू.

रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये टोमॅटो, कांदा आणि बटाटा यांच्या भावांचा माग काढला. ग्राहकाने कांद्यासाठी मोजलेल्या १०० रुपयांपैकी सुमारे ३६ रुपये शेतकऱ्यापर्यंत पोचतात, असा त्यांचा अंदाज आहे. टोमॅटोत ३३ आणि बटाट्यात ३७. म्हणजे तुमच्या तीस रुपयांत शेतकऱ्याचे सरासरीने अकराच्या आसपास. चार-पाच रुपये मिळतात ते बाजार पडलेला असतो तेव्हा, आणि बातमीही तेव्हाच होते. तरीही शंभरातले चौसष्ट मध्येच राहतात, हे खरंच आहे.

पण ते एका खिशात राहत नाहीत. शेतकरी ट्रॅक्टर घेऊन लासलगावच्या किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत येतो. लिलाव होतो, व्यापारी माल खळ्यावर नेतो. तिथे मजूर बायका कांदा निवडतात. मोठा वेगळा, मध्यम वेगळा, गोल्टी वेगळी. सडका आणि कोंब आलेला बाहेर. मग गोण्या भरणं, शिवणं, हमाली, ट्रक, डिझेल, टोल, वाशीचा घाऊक बाजार, तिथली हमाली, टेम्पो आणि शेवटी तुमच्या गल्लीतली हातगाडी.

त्या हातगाडीशी जरा थांबा. समजा, भाजीवाल्याने ५० किलोची गोणी २० रुपये दराने हजार रुपयांना आणली. त्यात पाच किलो ओला, दबलेला, काळा पडलेला निघाला. उरला ४५ किलो. नुसतं मुद्दल सुटायलाच त्याला २२ रुपयांच्या वर भाव लावावा लागतो. त्यावर टेम्पोचं भाडं, जागेचे पैसे, काट्यावर सुटणारं वजन आणि दिवसभर उभं राहण्याची त्याची मजुरी.

खरी मेख पुढे आहे. हे मधले बहुतेक खर्च कांद्याच्या भावावर ठरत नाहीत, वजनावर आणि अंतरावर ठरतात. कांदा तीस रुपये किलो असो की तीन, ट्रक डिझेल तेवढंच पितो. त्यामुळे भाव पडला की मधल्यांचे पैसे फारसे हलत नाहीत, पडतो तो शेतकऱ्याचा वाटा. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याची पट्टी देशभर गाजली. ५१२ किलो कांदा, रुपया किलो दर, एकूण ५१२ रुपये. वाहतूक, हमाली आणि तोलाईचे ५०९ रुपये ५१ पैसे वजा. हातात २ रुपये ४९ पैसे. ज्यांचे पैसे आधीच ठरलेले असतात ते आपापले घेऊन जातात. उरलंसुरलं ज्याच्या वाट्याला येतं, जोखीमही त्याचीच.

मग त्याने तो कांदा बाजारात नेलाच कशाला? कारण बियाणं, खत, मजुरी, पाणी हा खर्च आधीच झालेला होता. कांदा विकला काय आणि न विकला काय, तो परत येणार नव्हता. याला बुडीत खर्च म्हणतात. शेताच्या बांधावर एवढाच प्रश्न उरतो की, निदान गाडीभाडं तरी सुटेल का? त्यात थंडीच्या शेवटी निघणारा कांदा उन्हाळ कांद्यासारखा महिनोन्महिने टिकत नाही. त्याला थांबता येत नव्हतं.

दलालांचं म्हणाल, तर स्पर्धा आयोगासाठी २०१२ मध्ये झालेल्या एका अभ्यासातही कांद्याच्या बाजारांत मोजक्या मोठ्या व्यापाऱ्यांचा वरचष्मा असल्याचं दिसलं होतं. घेणारे मोजके आणि विकणारा घाईत, असा तो बाजार. तिथे भाव कुणाच्या बाजूने झुकणार हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. म्हणून 'कोण खातं?' याच्या जोडीला 'कोणाला थांबता येत नाही?' हेही विचारत जा. खाली येणाऱ्या प्रश्नांतही त्याचा उपयोग होईल.

प्रश्न : माल दहा टक्के कमी आला तर भाव दहा टक्के वाढायला हवा. कांद्याचा भाव एकदम दुप्पट-तिप्पट कसा होतो? ही साठेबाजीच नाही का?
*– एक निवृत्त गणित शिक्षक, सातारा*

उत्तर : गुरुजी, तुमचं त्रैराशिक चोख आहे, पण बाजार त्रैराशिकाने चालत नाही. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये ग्रेगरी किंग नावाचा एक हिशेबी माणूस होता. धान्याचं पीक कमी आलं तर भाव किती चढतो, याचा त्याच्या नावाने ओळखला जाणारा तक्ता १६९९ मध्ये चार्ल्स डॅव्हेनंटने छापला. पीक दहावा हिस्सा कमी, तर भाव ३० टक्के जास्त. पाचवा हिस्सा कमी, तर ८० टक्के जास्त. पीक निम्मं झालं, तर भाव साडेपाच पट. आकडे त्या काळच्या इंग्लंडचे आहेत, पण त्यामागचं कारण आजही तेच आहे.

हापूस दीड हजार रुपये डझन झाला तर आपण आठ दिवस थांबतो, नाहीतर पायरीवर भागवतो. कांद्याचं तसं नाही. फोडणीला, भाजीला, भाकरीबरोबर, सगळीकडे तो लागतो आणि त्याची जागा घेणारं दुसरं काही नाही. महिन्याला चार किलो लागणारं घर भाव तिप्पट झाला तरी तीन किलो घेतंच. भाव बदलल्यावर खरेदी किती बदलते, याला अर्थशास्त्रात मागणीची लवचिकता म्हणतात. कांद्याची मागणी ताठ आहे. थोडा माल कमी पडला आणि कुणीच मागे हटायला तयार नसलं, की काही लोक मागे हटेपर्यंत भाव चढत राहतो.

पुरवठाही तितकाच ताठ. उन्हाळ कांद्याची रोपं डिसेंबर-जानेवारीत लागतात आणि काढणी मार्च ते मे. देशातल्या कांद्याचा मोठा हिस्सा याच हंगामातला, आणि तोच चाळीत साठवून पावसाळाभर पुरवावा लागतो. चाळीत वजन घटतं, कोंब फुटतात, खालचा थर सडतो. दिवाळीच्या सुमाराला चाळी तळाला जातात आणि खरिपाचा लाल कांदा अजून पुरता आलेला नसतो. त्या फटीत परतीच्या पावसाने खरीप झोडपला, की कितीही भाव दिला तरी नवा कांदा महिन्याभरात उगवत नाही. २०१९ मध्ये तेच झालं आणि डिसेंबरात अनेक शहरांत कांद्याने शंभरी ओलांडली.

साठेबाजी होते का? होते. पण चाळीत कांदा ठेवणारा प्रत्येक जण साठेबाज नसतो. मे महिन्यात निघालेला सगळा कांदा मे महिन्यातच विकला गेला, तर ऑगस्टमध्ये आपण काय खाऊ?

पुढची गंमत अशी, की शंभरी पाहिली की पुढच्या लावणीला जो तो कांदाच लावतो. काही महिन्यांनी सगळ्यांचा माल एकदम बाजारात येतो आणि भाव कोसळतो. मग पुढच्या वर्षी लोक कांद्याकडे पाठ फिरवतात आणि भाव पुन्हा चढतो. निकोलस काल्डोर या अर्थतज्ज्ञाने १९३४ मध्ये या चक्राला कोळ्याच्या जाळ्याचं नाव दिलं, कारण कागदावर भाव आणि उत्पादनाच्या रेघा काढल्या तर तशीच नक्षी उमटते. एकेका शेतकऱ्याचा निर्णय त्याच्यापुरता शहाणपणाचा असतो. सगळ्यांनी एकाच वेळी तोच घेतला की तो सगळ्यांनाच बुडवतो.

प्रश्न : मग सरकारने कांदा महाग झाला की निर्यात बंद करावी, हेच योग्य नाही का? आपलं पोट भरून उरलं तर परदेशी पाठवावं.
*– एक नोकरदार, ठाणे*

उत्तर : 'आधी आपलं पोट' या भावनेला नाव ठेवण्याचं कारण नाही. महिना पंधरा हजारांत घर चालवणाऱ्याला कांद्याचा चढता भाव चटका देतोच. फक्त या उपायाचं बिल कुणाच्या नावे फाडलं जातं, ते पाहू.

ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातच बंद झाली. ती ३१ मार्च २०२४ पर्यंत म्हणून सांगितली होती, पण पुढे वाढवली आणि ४ मे २०२४ ला उठवली. उठवतानाही टनाला किमान ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क राहिलं. ती अट सप्टेंबर २०२४ मध्ये गेली, शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही संपलं.

बंदी लागली तेव्हा खरिपाचा कांदा बाजारात येत होता. भाव घसरले, शहरात हायसं वाटलं आणि टीव्हीवर ते दिसलंही. न दिसलेलं असं की, ज्या शेतकऱ्याने चढा भाव पाहून खर्च केला होता त्याला माल हातात आल्यावर नियम बदललेले आढळले. बाहेरच्या गिऱ्हाइकांनी इतर देशांतला कांदा घ्यायला सुरुवात केली, आणि तुटलेलं गिऱ्हाईक आपल्या सोयीने परत येत नाही. फ्रेंच लेखक फ्रेडरिक बास्तिया याने १८५० मध्ये हाच मुद्दा मांडला होता. धोरणाचा एक परिणाम डोळ्यांना दिसतो, बाकीचे दिसत नाहीत, आणि ते शोधणं हेच अर्थशास्त्राच्या अभ्यासकाचं काम.

चढा भाव एकाच वेळी तीन जणांना निरोप देतो. खाणाऱ्याला सांगतो, जरा बेताने घ्या. चाळवाल्याला सांगतो, माल बाहेर काढा. शेतकऱ्याला सांगतो, पुढच्या हंगामात क्षेत्र वाढवा. भाव दाबला की पहिल्याला दिलासा मिळतो, पण बाकी दोघांचा निरोप वाटेतच अडतो.

मग सरकारने हात बांधून बसावं का? नाही. केंद्र सरकार उन्हाळ्यात नाफेडसारख्या संस्थांमार्फत कांदा खरेदी करतं आणि पुढे टंचाईच्या महिन्यांत बाजारात सोडतं. २०२३ मध्ये हा साठा तीन लाख टनांवरून पाच लाख टनांवर नेला होता. म्हणजे शेतकऱ्याला आणि गिऱ्हाइकाला परवडत नाही ते थांबणं सरकार आपल्या खर्चाने करतं. खरेदी वेळेवर आणि रास्त भावाने झाली, तर हा मार्ग बंदीपेक्षा बरा. आणि शुल्क लावायचंच असेल तर त्याचे नियम लावणीच्या आधी जाहीर व्हावेत, काढणीनंतर नव्हे.

प्रश्न : पेपरात येतं, महागाई कमी झाली. माझ्या वाणसामानाच्या यादीत एकही वस्तू स्वस्त झालेली नाही. कोण खोटं बोलतंय?
*– एक वाचक, नागपूर*

उत्तर : कुणीच नाही. महागाईचा दर म्हणजे भाव चढण्याचा वेग. गाडी ताशी ६० वरून ४० वर आली, तरी ती पुढेच जात असते. गेल्या वर्षी १०० रुपयांची वस्तू ६ टक्क्यांनी वाढून १०६ झाली आणि यंदा दर ४ टक्क्यांवर आला, तर ती ११० रुपयांच्या थोडी वर जाते. पेपर म्हणतो महागाई उतरली, तुमची पिशवी म्हणते चार रुपये आणखी गेले. दोन्ही खरं.

दुसरं कारण टोपलीचं. सरकार सरासरी कुटुंबाच्या खर्चाची एक टोपली कल्पून तिच्यावरून निर्देशांक काढतं. २०१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या टोपलीत खाण्यापिण्याचा वाटा शंभरात सुमारे ४६ होता आणि कांद्याचा जेमतेम ०.६४. कांदा दुप्पट झाला तरी त्याच्या एकट्यामुळे निर्देशांक एक टक्काही हलायचा नाही. पण तुमचं घर सरासरी नाही. घरात दोन कॉलेजची मुलं आणि रोजची औषधं असतील, तर तुमची टोपली वेगळी आणि तुमची महागाईही वेगळी. महिनाभर खर्च लिहून ठेवा आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्याशी ताडून पाहा. तुमचा निर्देशांक तुम्हाला घरबसल्या मिळेल.

महागाई ४ टक्क्यांच्या आसपास, दोन टक्के वर-खाली एवढ्यात ठेवण्याची जबाबदारी २०१६ पासून कायद्याने रिझर्व्ह बँकेवर आहे. तिच्या हातातलं मुख्य हत्यार व्याजदर. व्याज वाढलं की घर-गाडीची खरेदी लोक पुढे ढकलतात आणि मागणी थंडावते. पण व्याजदराने कांदा उगवत नाही. म्हणून भाजीच्या महागाईपुढे तिचं फारसं चालत नाही, आणि तुमच्या घरकर्जाचा हप्ता मात्र वाढतो.

प्रश्न : मोबाईल घ्यायचा आहे. दुकानदार म्हणतो, हप्त्यावर घ्या, व्याज शून्य टक्के. मित्र म्हणतो, फुकटचे पैसे कशाला सोडतोस? घेऊ का?
*– एक विद्यार्थी, कोल्हापूर*

उत्तर : दुकानदाराला आधी विचार, 'सगळे पैसे आत्ता रोख दिले तर किती कमी करणार?' समजा पाटीवर २४,००० आहे, हप्ता महिना २,००० आणि बारा महिने. रोख दिलेस तर तो २२,५०० ला देतो. याचा अर्थ मोबाईलची किंमत २२,५०० आहे आणि वरचे १,५०० हे थांबण्याचे पैसे.

१,५०० म्हणजे २२,५०० वर साधारण पावणेसात टक्के, असं तुला वाटेल. इथेच लोक फसतात. ते २२,५०० वर्षभर तुझ्याकडे राहत नाहीत, दर महिन्याला तू त्यातले परत करत जातोस. सरासरीने जवळपास निम्मीच रक्कम तू वापरलीस. नीट हिशेब केला तर हे व्याज वर्षाला सुमारे १२ टक्के पडतं. त्यात प्रक्रिया शुल्क असेल तर आणखी जास्त. शून्य टक्के व्याज अशी काही चीज अस्तित्वातच नाही, असं रिझर्व्ह बँकेनेही सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावलं होतं.

रोख भावात एक रुपयाही सूट नसेल आणि शुल्कही नसेल, तर हप्त्यावर खुशाल घे. तेवढे पैसे तुझ्या खात्यात व्याज कमावतील. पण त्याआधी आणखी एक विचार कर. महिना २,००० म्हणजे मोबाईलऐवजी दुसरं काय? स्पर्धा परीक्षेचा क्लास, गावी जायचं भाडं, की घरी पाठवायचे पैसे? एक गोष्ट घेताना जी दुसरी सगळ्यात मोलाची गोष्ट आपण सोडतो, ती त्या पहिल्या गोष्टीची खरी किंमत. पुस्तकात तिला वैकल्पिक खर्च म्हणतात. ती कुठल्याच पाटीवर लिहिलेली नसते, ज्याची त्याने काढायची असते.

व्याज वाईट असतं असा याचा अर्थ नाही. राज्याच्या कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे. सुगीत भाव पडलेला असताना शेतकरी सोयाबीन, तूर किंवा हरभरा गोदामात ठेवतो, मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज ६ टक्क्यांनी उचलतो आणि भाव सुधारल्यावर विकतो. तोही थांबण्यासाठी व्याजच मोजतो, पण भाव चढला तर व्याज सुटून वर काही मिळण्याची आशा असते. वर्षभराने तुझा मोबाईल मात्र निम्म्या किमतीलाही कुणी घेणार नाही. तेव्हा जुना फोन चालत असेल, तर दरमहा २,००० बाजूला टाक आणि वर्षभराने रोखीने घे. हाच फोन तोपर्यंत बहुधा स्वस्तही झालेला असेल. पण तुझं काम फोनवरच चालत असेल आणि जुना बंद पडला असेल, तर १,५०० रुपये जास्त देऊन आजच घे. त्यात काही मूर्खपणा नाही, फक्त ते १,५०० आपण कशासाठी मोजले हे तुला माहीत असलं पाहिजे.